कॅमेऱ्याला पाणी लागलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की मला राग येतो, आणि मग मी गोष्ट अर्धी टाकून कपबश्या उचलायला लागते. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे हे.

तर एका भर दुष्काळात मी आमच्या गावासाठी पाणी शोधून काढलं होतं. कॅमेऱ्यानं! सगळ्या गावानं ते पाणी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. बोअरपुढं नारळ फुटला. सरपंचांनी भर चौकात माझ्या हातात शाल-नारळ दिला.

फक्त एक बारीक अडचण होती. पाणी नव्हतं.

थांबा, नीट सांगते.

आमचं गाव लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. लग्नाचा बस्ता नांदेडला, दवाखाना लातूरला आणि भांडणं दोन्हीकडं, असा आमचा कारभार. त्यात त्या वर्षी नव्या जिल्ह्याची हवा उठली होती. उदगीर जिल्हा होणार, आपलं गाव त्यात जाणार, न्हाई जाणार, हॉटेलात बसून लोक नकाशे काढायचे. टेबलावर सांडलेल्या चहानं! पाण्यानं काढायची सोय कुठं होती?

आणि मी कोण? मी सुरेखा. गावात मला फोटोवाली वहिनी म्हणतात. आमच्या मालकांचं, म्हणजे मन्मथरावांचं, किराणा दुकान. त्याच दुकानाच्या शेजारच्या खोलीत माझा स्टुडिओ. निळा पडदा, एक स्टूल, एक आरसा आणि केस विंचरायला साखळीनं बांधलेला कंगवा. साखळी का, ते विचारू नका.

हे वेड माहेरचं. माझं माहेर अर्धापूरचं, बाबा फोटोग्राफर. केळीच्या बागेत नवरा-नवरीला उभं करून असे फोटो काढायचे की पाहणाऱ्याला वाटावं, दोघं काश्मीरला जाऊन आलीत. लहानपणी एकदा भर दुपारी त्यांनी मला खोलीत नेलं, दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला एक बारीक छिद्र तेवढं ठेवलं. अंधाराला डोळे सरावले आणि समोरच्या भिंतीवर काय दिसावं? बाहेरचा रस्ता! रंगीत, हलता आणि उलटा! बैलगाडी छताकडून चाकं वर करून चालली होती, आणि आमच्या शेजारच्या काकू डोक्यावर उभ्या राहून कुणाशी तरी भांडत होत्या.

"उजेड सरळ चालतो, सुरे," बाबा म्हणाले. "वाकडं वळण घेत नाही. वरचा उजेड छिद्रातनं खाली जातो, खालचा वर जातो. म्हणून चित्र उलटं. छिद्राच्या जागी भिंग लाव, भिंतीच्या जागी रोल लाव. झाला कॅमेरा."

तेव्हापासून मला उजेडातलं सगळं कळतं असा माझा समज झाला. पुढं रोल गेले, डिजिटल कॅमेरा आला. जुना कॅमेरा देऊन मी नवा घेतला. हातात मावणारा, मागं छोटा पडदा असलेला. व्हिडिओसुद्धा काढायचा! मालकांनी विचारलं, "यात रोल कुठं घालतेस?" मी त्यांना तासभर समजावलं. ते शेवटी म्हणाले, "बरं, म्हणजे रोल न्हाई." मला वाटतं, त्यांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

आता बोअरकडं या.

महादेवाच्या देवळामागं गावाचा जुना बोअर होता. कैक वर्षं सगळ्या गावाला पाणी दिलं त्यानं. त्या उन्हाळ्यात आटला. मोटर वर काढून ठेवली आणि टँकर सुरू झाला. टँकर एक दिवसाआड यायचा. आला की बायका-बाप्ये, म्हातारी-कोतारी, सगळी हंडे घेऊन पळत सुटायची. टाकीत पाइप सोडला की गर्दीत कुणाचा हंडा कुणाच्या डोक्यावर, कळायचं नाही.

एकदा पारावर विषय निघाला. काही लोक म्हणत होते, बोअरला खाली पाणी आहे, पण मधे दगड अडकलाय. काही म्हणत होते, साफ कोरडा आहे. आमचे सरपंच काशिनाथअप्पा डोक्याला हात लावून बसले होते. भला माणूस, पण जो शेवटी बोलेल त्याचं पटायचं त्यांना.

"खाली डोकावून कोण बघणार?" अप्पा म्हणाले. "माणूस तर जात न्हाई त्यात."

आणि मी, दळण घेऊन निघालेली बाई, पायरीवर डबा ठेवून म्हणाले, "कॅमेरा जातो की!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. झालं! आता मागं कोण फिरतंय? मी एकदा ठरवलं की ठरवलं. लग्नाच्या वेळी मामांनी म्हटलं होतं, "पोरगी गुणी आहे, फक्त तिला नाही म्हणू नका." ते मालकांनी अजून पाळलंय.

घरी येऊन मी विचार केला. खाली पाणी असलं तर कॅमेरा बुडणार. मग त्याला काहीतरी घालायला पाहिजे, आरपार दिसणारं. नजर फिरवली तर दुकानात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी! प्लास्टिकची, पारदर्शक, बोअरमधून सहज जाईल अशी. आणखी काय पाहिजे माणसाला? गोळ्या ओतल्या डब्यात, बरणी घासून-पुसून लखलखीत केली. आत कॅमेरा बसवला, तोंड खाली, बरणीच्या बुडाकडं. त्याच्या शेजारी एक छोटी बॅटरी लावली, म्हणजे अंधारात उजेड पडेल. झाकण लावलं की आत हात जाणार नाही, म्हणून स्वयंपाकघरातच व्हिडिओचं बटण दाबलं, झाकण फिरवलं, वर मेणबत्तीचं मेण ओतलं, आणि निघाले.

बोअरपाशी जत्रा भरली होती. दोर सोडायला बाबूमिस्त्री. हा आमच्या भागातला मोटरचा जाणकार. गावातल्या सगळ्या मोटरी त्याला नावानिशी ओळखतात म्हणे. त्याला बरणी बघून हसू आलं.

"भाभी, लोणचं सोडून राहिलात का खाली?"

मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. लोक जमलेच होते, तर मी एक छोटं भाषण केलं. मला वाटतं तिथंच देवानं माझ्याकडं वळून पाहिलं असणार.

म्हटलं, "ऐका. कॅमेऱ्यात एक नखाएवढी चकती असते. तिच्यावर लाखो बारीक खळगे. समजा, पावसात आपण अंगणभर तांबे मांडून ठेवले..."

"पाऊस पडला तर ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"समजा हो! ज्या तांब्यात जितकं पाणी पडलं, तितकं आपण मोजायचं. तसं त्या प्रत्येक खळग्यात जितका उजेड पडला, तितका कॅमेरा मोजतो. त्या मोजमापाचं चित्र होतं. म्हणून माणूस खोटं बोलंल, पण कॅमेरा खोटं बोलत न्हाई!"

टाळ्या पडल्या. अहो, खऱ्याखुऱ्या टाळ्या!

बाबूमिस्त्रीनं दोर सोडला. सुटतोय, सुटतोय, सुटतोय... शेवटी सैल पडला. थोडा वेळ थांबून वर ओढला. मी मेण खरवडलं, झाकण काढलं, कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर लाल खूण लुकलुकत होती, म्हणजे त्याचा सेल संपत आलेला. मागं लोकांचा रेटा. माझ्या खांद्यावर कुणाची हनुवटी, कानात कुणाचा श्वास. पहिल्यापासून बघत बसायला वेळ कुणाला होता? मी बटण दाबून भराभरा पुढं गेले आणि थेट शेवटचा भाग लावला.

आणि काय सांगू! अंधारात मधोमध एक चकाकतं वर्तुळ. त्याच्याभोवती दुसरं. त्याच्याभोवती तिसरं. दगड टाकल्यावर पाण्यावर उठतात तसे तरंग! आणि थरथरत होते हो ते!

"पाणी!" मी किंचाळले.

"पाणी! पाणी हाय रे!" गाव किंचाळलं.

कॅमेरा हातोहात गेला. ज्याला दिसलं तो ओरडला, ज्याला दिसलं नाही तो जास्त जोरात ओरडला. शांताक्का म्हणून आमच्या गल्लीतल्या, गावातल्या सगळ्या बायका त्यांना वचकून. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, उलटा धरून, आणि म्हणाल्या, "हाव ग माय, केवढं नितळ हाय!" आणि माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

मग नारळ. मग चौकात शाल. अप्पांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथूनच तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला. मला वाटलं, आनंद कळवतायत. तर ते म्हणाले, "साहेब, आमच्या गावात पाणी लागलं! आमचा टँकर तेवढा दुसऱ्या गावाला द्या. त्यांना गरज हाय!"

किती मोठं मन! टँकर त्याच दिवशी बंद झाला. एरवी अर्ज केला तर महिनोन् महिने हलत नाहीत, पण नको म्हटल्यावर सरकार काय चपळाईनं काम करतं, ते मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबूमिस्त्रीनं मोटर खाली सोडली. बटण दाबलं. सगळं गाव हंडे घेऊन पाइपकडं तोंड करून उभं. पाइप खाकरला. पाइप शिंकला. आणि पाइपातून आली धूळ. शांताक्का सगळ्यात पुढं होत्या, त्यांचा चेहरा भंडारा उधळल्यासारखा झाला.

बाबूमिस्त्रीनं मोटर बंद केली, पाइपाला कान लावला आणि शांतपणे म्हणाला, "भाभी, पानी नै. हवा हाय."

"असं कसं? आहे पाणी! दिसलंय सगळ्यांना!"

"दिसलं असंल. पन येईना."

"मग तुझी मोटर खराब आहे!"

आता तुम्हीच सांगा, मिस्त्रीला त्याची मोटर खराब म्हणणं म्हणजे काय? एखाद्या आईला तुझं लेकरू काळं म्हणण्यासारखं! त्यानं जाऊन दुसरी मोटर आणली. तीसुद्धा कोरडी फिरली, तापली, आणि तिच्यातून जळका वास यायला लागला. मी म्हटलं, "ही पण खराब." तिसरी आणायला तो गेलाच नाही. सायकल काढली आणि तडक घरी.

तोवर घराघरातले रांजण तळाला गेले. मालकांनी दाढी करायची सोडली. चहा अर्धा कप झाला, मग पाव कप, मग नुसती आठवण. आमच्या ओट्यासमोर बायका येऊन बसायला लागल्या, रिकाम्या घागरी घेऊन. कुणी बोलायचं नाही. नुसत्या बसायच्या. बोलल्या त्या शांताक्काच.

"सुरेखा, मोटर ऱ्हाऊ दे. तुझ्या त्या व्हिडिओत माझी येवढी एक घागर बुडवून दे."



पण मी हटले नाही. माझा विश्वास पक्का होता. पाणी आहे, कॅमेऱ्यात आहे, तर जमिनीत असणारच! मोठी मोटर पाहिजे, ताकदीची, आणि ती सरकारनं दिली पाहिजे. कॅमेऱ्याचा सेल भरून घेतला आणि अप्पांना म्हटलं, "चला तालुक्याला. ऑफिसात व्हिडिओ दाखवू. तोवर टँकर परत मागू."

अप्पा निघाले. मालक पण दुकान बंद करून निघाले. म्हणाले, "मी येतो सोबत." बिचारे! घरीच राहिले असते तर त्यांचं भलं झालं असतं.

ऑफिसात गर्दी. पाण्याचं काम बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, समोर कागदांचा डोंगर. आम्ही टँकरचं नाव काढलं तसा शेजारचा कारकून म्हणाला, "तुमच्या गावाला पाणी लागलंय ना? तशी नोंद झालीय. शिवाय तुमचं गाव नव्या जिल्ह्यात जाणार म्हणतेत. गेलं तर मोटर त्यांनी द्यायची का आम्ही?"

मी म्हटलं, "जिल्हा झाला तर झेंडा लावू. आधी तहान लागलीय. मॅडम, माझ्याकडं पुरावा आहे. पाहून घ्या."

मॅडमना उत्सुकता वाटली. त्यांनी कॅमेरा वायरनं कॉम्प्युटरला जोडला. मोठा पडदा! खोलीतले सगळे लोक टेबलाभोवती जमले. आणखी दोन गावांचे सरपंच, कारकून, शिपाई, चहावाला. मी छाती पुढं काढून उभी. म्हटलं, आता बघा म्हणावं.

मॅडमनी व्हिडिओ लावला. पहिल्यापासून.

मी "शेवटी न्या, शेवटी" म्हणेपर्यंत पडद्यावर आमचं स्वयंपाकघर आलं. बरणी ओट्यावर आडवी पडलेली, कारण मी झाकण लावत होते. समोर उभे आमचे मालक. बनियनवर. खांद्यावर टॉवेल. हातात एक डबा, त्यात काहीतरी शोधून राहिलेले.

आणि त्यांच्या पोटावर, अगदी मधोमध, चकाकतं वर्तुळ. त्याच्याभोवती दुसरं. त्याच्याभोवती तिसरं. थरथरणारं.

आमचं पाणी!

पडद्यावर मालकांचा आवाज आला, "अगं, लिमलेटच्या गोळ्या तांदळात कामून ओतल्यास?"

आणि माझा आवाज आला, ठणठणीत, "गप बसा हो! मी विज्ञान करून राहिले ना!"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. पण तेवढ्यानं हसू थोडंच दबतंय! शेजारच्या गावचा सरपंच म्हणाला, "अप्पा, तुमच्या गावात पाणी लई वर लागलंय की! पोटालाच!"

मग जो काही हशा उसळला! शिपाई भिंतीला टेकून हसला. चहावाल्यानं कपांचा ट्रे खाली ठेवला आणि हसला. अप्पा, ज्यांनी नारळ फोडला होता, ते छताकडं बघत होते. आणि मालक? त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, जणू काही आत्ताच कुणीतरी त्यांना बनियनवर पाहिलं.

व्हिडिओ पुढं चालूच होता. वर्तुळ आमच्या उंबऱ्यावर. वर्तुळ रस्त्यावरच्या कुत्र्यावर. वर्तुळ देवळाच्या पायरीवर. जाईल तिथं पाणी! एवढं पाणी आमच्या गावानं पुरातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मला लख्ख कळलं. माझ्या समोर मॅडमचा चष्मा होता, आणि त्या चष्म्यात खिडकी चमकत होती. अहो, मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगते, "काका, चष्मा काढा, काचेवर उजेड पडतो, डोळ्याच्या जागी पांढरा डाग येतो." आरपार दिसणारी वस्तू उजेडाला पुढं जाऊ देते, पण थोडा परतही फेकते, हे मला बाबांनी शिकवलेलं! आणि मी काय केलं? बॅटरी बरणीच्या आत ठेवली. उजेड बुडावर आपटला आणि सरळ कॅमेऱ्याच्या तोंडात परत आला. बरणीच्या बुडाला कारखान्यानं गोल गोल कडा पाडलेल्या. ते झाले तरंग! बॅटरी सैल बांधलेली, म्हणून ते थरथरले. आणि कॅमेरा बिचारा, त्यानं जे सगळ्यात जवळ आणि चमकदार होतं तेच धरलं. मागचं सगळं धुरकट सोडून दिलं.

कॅमेरा खोटं बोललाच नव्हता. त्यानं इमानदारीत बरणीचं बूड दाखवलं होतं.

आता एखादी दुसरी बाई असती तर पदर तोंडावर घेऊन निघून गेली असती. मला पण वाटलं, जावं. पण बाहेर जाऊन काय? गावात शांताक्का घागर घेऊन बसलेल्या.

मी म्हटलं, "मॅडम, चूक माझी आहे. अप्पांची नाही, गावाची तर मुळीच नाही. हसून झालं असलं तर आमचा टँकर परत द्या."

मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, "ताई, माझी इच्छा आहे. पण पाणी लागलं अशी नोंद आहे. आता पाणी नाही, असं कशाच्या आधारावर लिहू?"

"पुरावा पाहिजे?"

"काहीतरी पाहिजे."

"आज संध्याकाळच्या आत आणते. तुम्ही ऑफिस बंद करून जाऊ नका."

मॅडम म्हणाल्या, "थांबते." त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं.

परतताना गाव जवळ आलं तेव्हा जीपमध्ये मालक हळूच म्हणाले, "गोळ्या सापडल्या मला. पण त्या दिवशीच्या भाताला वास येत होता, तो त्याचाच."

मी तडक बाबूमिस्त्रीच्या घरी गेले. तो अंगणात जळालेली मोटर उघडून बसला होता. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, मोटर चांगली होती. दोन्ही. माझंच डोकं खराब होतं."

त्यानं वर बघितलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "भाभी, डोकं खराब न्हाई तुमचं. बरनी खराब होती," असं म्हणून दोर खांद्यावर टाकला आणि माझ्या आधी बोअरपाशी पोचला.

या वेळी बरणी नाही. मी कॅमेरा उघडाच लाकडी पट्टीला कसून बांधला. बॅटऱ्या दोन, भिंगाच्या पुढं, दोन बाजूंना, म्हणजे त्यांचा उजेड खाली पडेल आणि भिंगात घुसणार नाही. दोर सोडायच्या आधी अप्पांच्या अंगणात तपासून पाहिलं. मालकांना पुन्हा बनियनवर उभं करायची गरज पडली नाही, शर्टावरच केलं. पोट साफ दिसलं. वर्तुळ नाही.

मालक काळजीनं म्हणाले, "अगं, उघडा कॅमेरा सोडतेस. पाण्यात गेला तर?"

"पाण्यात गेला तर मी गावाला पेढे वाटीन!"

दोर खाली गेला. या वेळी भाषण नाही, टाळ्या नाहीत. नुसत्या बायका, घागरींवर हात ठेवून उभ्या. वर आल्यावर मी सगळ्यांना देवळाच्या सावलीत बसवलं आणि व्हिडिओ पहिल्या क्षणापासून लावला. कुणी "पुढं घ्या" म्हटलं तरी घेतलं नाही.

दगडाचे थर दिसले, एकावर एक, विटा रचल्यासारखे. खडकातल्या चिरा दिसल्या, जिथून कधीकाळी पाणी यायचं. आता नुसते ओघळांचे पांढरे वण. आणि अगदी तळाला, कोरड्या खडीवर, स्वच्छ, ठळक, एकही तरंग नसलेला, एक लोखंडी पाना.

"या अल्ला!" बाबूमिस्त्री उठून उभा राहिला. "माझा पाना! त्यावरून मी मेव्हण्याशी बोलनं बंद केलंय!"

कुणाला हसू आवरलं नाही. शांताक्कासुद्धा हसल्या. पण हसता हसता त्यांनी पडद्यावरच्या कोरड्या खडीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिल्या. त्या बोअरचं पाणी त्यांनी लग्न होऊन आल्यापासून भरलं होतं. मग त्यांनी पदरानं कॅमेऱ्याचा पडदा पुसला आणि मला म्हणाल्या, "जा. ऑफिस बंद व्हायच्या आत जा."

आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसचं कुलूप शिपायाच्या हातात होतं, पण मॅडम खुर्चीवर होत्या. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. दोनदा. कागदावर काहीतरी लिहिलं, सही ठोकली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी टँकर येईल." कारकून तोंड उघडत होता. मॅडम म्हणाल्या, "जिल्हा कुठलाही होऊ द्या."

सकाळी टँकर आला. बायकांनी मला सगळ्यात शेवटी उभं केलं, आणि मी मुकाट्यानं उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा पाइपातून धार बारीक झालेली. तरी घागर भरली. ते पाणी घरी आणून ठेवलं आणि मालकांनी सगळ्यात आधी दाढी केली.

मॅडमनी तो दुसरा व्हिडिओ ठेवून घेतला. पुढं बाकीच्या गावांतून मला बोलावणी यायला लागली. बोअर साफ करायच्या आधी, मोटर सोडायच्या आधी, लोक म्हणायचे, त्या फोटोवाल्या बाईला बोलवा. मी जायची, उघडा कॅमेरा सोडायची, आणि जे दिसेल ते सांगायची. बहुतेक ठिकाणी कोरडंच सांगावं लागायचं. त्या उन्हाळ्यात मी जेवढ्या वेळा 'न्हाई' म्हणाले, तेवढ्या वेळा जन्मात म्हणाले नसेन. पण माझी पत परत आली. निदान मला तसं वाटत होतं.

मग एक दिवस स्टुडिओत एक गृहस्थ आले. पांढरा पटका, हातात पिशवी, रेणापूरकडचे. स्टुलावर बसले, पाणी मागितलं नाही, हे त्यांचं मला आवडलं.

म्हटलं, "फोटो काढायचा का?"

"न्हाई. आमच्या शेतातल्या बोअरचा व्हिडिओ पाहिजे."

"काढू की. पण आधीच सांगते, मी आहे ते दाखवते. कोरडा असला तर कोरडा."

ते अवघडले. पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग स्टूल पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "कोरडाच हाय, बाई. आम्हाला ठाऊक हाय. पण पोराचं लगीन ठरंना. पाहुणे आले की पोराचा पगार इचारत न्हाईत, शिक्षण इचारत न्हाईत. शेताला पाणी हाय का, तेवढं इचारतेत आन् उठून जातेत. म्हणून म्हटलं... ते तुमचं आधीचं, बरणीचं... तसं एक काढून द्याल का?"

मी उठून उभीच राहिले. माझा आवाज चढला. "काका! मी खोटं काम करत नाही! आयुष्यात कधी केलं नाही!"

त्यांनी दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावर खरोखर आदर होता हो!

"हाव, ते तर सगळा तालुका सांगतो. खोटं तुम्हाला जमायचं न्हाई. म्हणून तर येवढ्या लांबून आलो," ते म्हणाले. "पण चुकून तर लई झकास जमतंय की तुम्हाला!"